संदर्भाची तारीख अशी लिहा, की वाचकालाही कळेल आणि मशीनलाही



आपल्यापैकी बरेच जण धंद्याच्या वेबसाइटवर माहितीपर लेख टाकतात. त्यात सरकारी नियम, योजना, दर यांचे संदर्भही देतात. पण संदर्भाची तारीख? ती एकतर नसते, नाहीतर कशीही लिहिलेली असते. आज तेवढंच नीट शिकून घेऊ.

तारखेने काय बिघडतं?

समजा तुम्ही लिहिलंत, "सूक्ष्म उद्योगासाठी उलाढालीची मर्यादा ५ कोटी." १ जुलै २०२० पासून हे बरोबर होतं. पण १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० कोटी झाली आणि गुंतवणुकीची मर्यादा १ कोटीवरून अडीच कोटी. तारीख नसेल तर ७ कोटी उलाढाल असलेला वाचक "आपण यात बसत नाही" म्हणून अर्जच करणार नाही. नुकसान त्याचं, आणि विश्वास उडणार तुमच्यावरचा.

बरं, तारीख लिहिली, पण ०१/०४/२०२५ अशी. आपल्याकडे हा १ एप्रिल. अमेरिकन पद्धतीत आधी महिना येतो, म्हणून तिकडे ही ४ जानेवारी! बदलाची घोषणा झाली १ फेब्रुवारीच्या बजेटमध्ये, म्हणजे घोषणेआधीच नियम लागू झाला असं दिसणार. माणूस अंदाज बांधेल, पण सॉफ्टवेअर काय करणार?

उपाय: मोठ्याकडून छोट्याकडे

आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये आलं. पद्धत सोपी आहे: आधी चार अंकी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडवी रेघ. १ फेब्रुवारी २०२५ म्हणजे २०२५-०२-०१. इथे शून्य गाळायचं नाही, २०२५-२-१ चालत नाही. दिवस माहीत नसेल तर २०२५-०२ एवढंच लिहा. उगाच १ तारीख ठोकून देऊ नका.

मग मराठीत तारीख लिहायचीच नाही का?

लिहायची की! एचटीएमएलमध्ये 'टाइम' नावाचा टॅग आहे. टॅगच्या पोटात वाचकाला दिसणारी तारीख लिहा, "१ फेब्रुवारी २०२५". त्याच टॅगच्या 'डेटटाइम' या गुणधर्मात मशीनसाठीची तारीख द्या. ही दुसरी तारीख मात्र इंग्रजी अंकांतच हवी, मराठी अंक तिथे चालत नाहीत.

संदर्भाचा पूर्ण साचा

मायक्रोफॉरमॅट्स ही सगळ्यांसाठी खुली पद्धत आहे. त्यात संदर्भासाठी 'एच-साइट' हा साचा आहे. ही नावं क्लास म्हणून द्यायची:

१. पूर्ण संदर्भाला: एच-साइट
२. शीर्षकाला: पी-नेम
३. लेखक किंवा खात्याला: पी-ऑथर
४. लिंकला: यू-यूआरएल
५. प्रकाशनाच्या तारखेला: डीटी-पब्लिश्ड
६. तुम्ही पान पाहिलंत त्या तारखेला: डीटी-अ‍ॅक्सेस्ड

इंग्रजी स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे, ते जसंच्या तसं उतरवून घ्या. सगळी अक्षरं छोटी.

शेवटच्या दोन तारखांची गल्लत करू नका. बजेट भाषण प्रसिद्ध झालं २०२५-०२-०१ ला. तुम्ही ते पान जूनमध्ये उघडलं असेल तर जूनची तारीख 'पाहिल्याची'. पान नंतर बदललं किंवा गायब झालं, तरी तुम्ही कधी पाहिलं होतं याची नोंद राहते. आणि नियम लागू होण्याची तारीख ही तिसरीच गोष्ट. ती लेखातल्या वाक्यात स्पष्ट लिहा.

याचा फायदा काय?

हे केलं म्हणजे गुगलवर पहिला नंबर लागेल, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खरा फायदा असा, की हा साचा ओळखणारं सॉफ्टवेअर तारीख न चुकता उचलतं आणि सहा महिन्यांनी जुने संदर्भ शोधून तपासणं तुम्हालाच सोपं जातं.

आजचा गृहपाठ: तुमचा सर्वात जास्त वाचला जाणारा एक लेख उघडा. त्यातला प्रत्येक सरकारी आकडा शोधा, मूळ कागदाची तारीख बघा आणि वरच्या पद्धतीने लावा. एकच लेख, पण आजच.

भेटू पुढच्या पाठात.