परक्या देशातील सुतक

सन 2016 च्या आक्टोबर महिन्याच्या 13 तारखेस सयाम, म्हणजे हल्लीचे थायलंड, या देशाचे राजे भूमिबल 70 वर्षे राज्य करून निवर्तले. त्या समयी आम्ही बँकाक शहरी राहत होतो. बाजारातील काळी वस्त्रे संपली, तेव्हा लोकांनी घरचे कपडे काळ्या रंगात बुडविले. जो आमचा राजा नव्हे, त्याचे सुतक आम्ही धरावे, हे ढोंग तर होणार नाही? शेजारच्या वृद्ध बाई रडत होत्या. आम्ही मोडक्या भाषेत समाधानाचे बोल बोललो; त्यांनी बाईंस उलट संकोचच झाला. वाचकहो, परक्याने अशा वेळी आधी रीत विचारावी. आम्ही ती मागाहून विचारली. बाईंनी काही न बोलता आमचा पांढरा सदरा मागून घेतला व रंगवून दिला. सन 2017 च्या आक्टोबरात दहनविधी झाला, तोवर आम्ही तोच वापरला. शिवणीचा दोरा मात्र पांढराच राहिला होता.