सायकलीचा तेलदाबाचा ब्रेक : तत्त्व व दोषपरीक्षा

(इयत्ता सातवी व आठवी : सामान्य विज्ञान)

उद्देश : तबकडीचे ब्रेक असलेल्या सायकली आता खेडोपाडीही दिसतात. त्यांपैकी काहींचा ब्रेक तारेने ओढला जातो, तर काहींत तारेऐवजी तेलाने भरलेली बंद नळी असते. तुटकी तार डोळ्यांना दिसते. नळीतील दोष दिसत नाही, तो विचाराने ओळखावा लागतो. कार्यावरून कारण शोधण्याची सवय विद्यार्थ्यांस लावणे, हा या पाठाचा हेतू होय.

तत्त्व : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (1623–1662) याचा नियम. ब्रेकच्या मुठीतील दट्ट्या लहान व चाकाजवळील दट्टे मोठे असतात. व्यास दुप्पट केल्यास क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून बळही चौपट मिळते. या बळाने ब्रेकपट्ट्या तबकडीस दोन्ही बाजूंनी आवळतात.

प्रयोग : सुई काढलेल्या दोन पिचकाऱ्या पाण्याने भरून पारदर्शक नळीने जोडाव्यात. एका मुलाने एक दट्ट्या अंगठ्याने रोखून धरावा व दुसऱ्याने पलीकडचा दाबावा. तो हलत नाही. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा ठेवून पुन्हा दाबण्यास सांगावे. दट्ट्या आत जातो व सोडताच मागे येतो. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते, हे उत्तर शिक्षकांनी न सांगता मुलांकडूनच काढावे.

दोषपरीक्षा :

1. मूठ मऊ लागते व लागोपाठ दाबल्यावर घट्ट होते : नळीत हवा शिरली आहे. जाणत्या कारागिराकडून ती काढवून घ्यावी.

2. मूठ हँडलला टेकते : तेल गळत असावे किंवा ब्रेकपट्ट्या झिजल्या असाव्यात. सांधे कोरड्या फडक्याने पुसून मूठ दाबावी व ओल येते का ते पाहावे.

3. मूठ घट्ट, तरी सायकल थांबत नाही : दोष बहुधा नळीत नसून तबकडीवर आहे. साखळीस तेल घालताना ते तबकडीवर उडाले असावे. तबकडी स्पिरिटने पुसावी. तेल मुरलेल्या पट्ट्या बदलाव्यात.

सावधगिरी : पंक्चर काढताना सायकल पालथी करण्याची आपली नेहमीची रीत आहे. त्या वेळी मुठीजवळच्या तेलाच्या टाकीत हवा असल्यास ती नळीत उतरू शकते. म्हणून सायकल सरळ केल्यावर मूठ काही वेळा दाबून पाहावी. ती घट्ट झाल्याखेरीज कोणासही सायकलीवर बसू देऊ नये. चाक काढलेले असताना मूठ दाबू नये, कारण पट्ट्या एकमेकींजवळ येऊन चाक पुन्हा बसत नाही. ब्रेकवर लिहिलेल्या प्रकारचेच तेल वापरावे. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये मोटारीचे ब्रेकतेल घातल्यास आतील रबरी कड्या खराब होतात. उतार उतरल्यावर तबकडी भाजण्याइतकी तापते, तिला हात लावू नये.

शिक्षकांनी ही परीक्षा सायकल उभी असतानाच करून दाखवावी. सपाट रस्त्यावर मऊ मुठीनेही सायकल कशीबशी थांबते. म्हणून दोष लक्षात येत नाही, आणि तो कळतो तो उतारावर, सावरण्यास वेळ उरलेला नसतो तेव्हा.

स्वाध्याय : मूठ घट्ट असूनही ब्रेक लागत नसेल, तर नळीतील हवा काढून उपयोग होईल काय? सकारण लिहा.