मालकांच्या डबीतली गोळी मी घेऊ का?

प्रश्न : माझ्या मालकांना एचआयव्ही आहे. वाशिमहून गोळ्या आणतो. माझी तपासणी चांगली आली. लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी असते म्हणे. मग यांचीच मी घेतली तर? सासूबाईंना दिसू नये म्हणून गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून तुरीच्या डब्यात ठेवते.
– एक वाचक, मानोरा तालुका

उत्तर : ताई, त्यांच्या गोळ्या घेऊ नका. त्या मोजून मिळतात. तुम्ही घेतल्या की त्यांचे खाडे पडणार, आणि खाडे पडले की विषाणू पुन्हा उसळतो.

तुम्ही ऐकलेली गोळी मात्र खरी आहे. तिला प्रेप म्हणतात. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं एका गोळीत, रोज एक. अमेरिकेत २०१२ मध्ये तिला मान्यता मिळाली. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेही (नॅको) २०२२ मध्ये तिच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. सुरू करण्याआधी एचआयव्ही, कावीळ-ब आणि मूत्रपिंडाची तपासणी हवी. पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची. रोज घेतली तरच उपयोग, आणि पहिले तीन आठवडे निरोध सोडू नका.

पण त्याआधी एक विचारा : मालकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, किती? मला हा प्रश्न गोळीपेक्षा मोठा वाटतो. युरोपातल्या १४ देशांत ८८८ जोडप्यांवर पाहणी झाली. एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, निरोधही नाही. पण औषधाने विषाणू दबलेला. जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. मालकांचा विषाणू रिपोर्टमध्ये सापडेनासा झाला असेल आणि गोळ्या चुकत नसतील, तर शरीरसंबंधातून तुम्हाला लागण होत नाही. मूल हवं असेल तरी हेच आधी बघतात. लोड अजून दबलेला नसेल तर डॉक्टरांकडे प्रेपचं नाव काढा.

मध्येच निरोध फाटला तर थांबू नका. ७२ तासांच्या आत, जमलं तर त्याच दिवशी, जिल्हा रुग्णालय गाठा. तेव्हाचा औषधोपचार वेगळा, २८ दिवसांचा असतो. विचारायची लाज वाटली तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत. तुमची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे.

आणि ती पुडी आजच सोडा. डबीत ओल शोषणारी बारीक थैली असते, ती फेकू नका. या गोळ्यांना दमट हवा सोसत नाही. लपवायचंच असेल तर झाकण घट्ट लावून अख्खी डबीच तुरीत ठेवा.