मोबाइलमधला गटाचा शिक्का

गटाचा रबरी शिक्का असला की पावतीवर नाव-पत्ता दर वेळी हाताने लिहावा लागत नाही. मोबाइलमध्येही असाच शिक्का तयार करता येतो.

अंधेरी असो, बोरिवली, मुलुंड की घाटकोपर, दिवाळीआधी गटाच्या मोबाइलवर तेच प्रश्न येतात. "ताई, चकलीचा भाव काय? घरपोच देता का? पैसे कुठे पाठवू?" प्रत्येकाला नव्याने लिहिण्यात वेळ जातो आणि घाईत चूकही होते. एनईएफटीचे पैसे खातेक्रमांक बघून जमा होतात, नाव बघून नाही. एक आकडा चुकला तर गटाची रक्कम भलत्याच खात्यात जाऊ शकते. आयएफएससी कोडमध्ये 11 अक्षरं-अंक असतात. त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं, इंग्रजी 'ओ' नव्हे.

मोफत मिळणाऱ्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये असं करा:

1. वरचे तीन ठिपके दाबा. 'बिझनेस टूल्स'मध्ये 'क्विक रिप्लाइज' उघडा.
2. अधिकचं चिन्ह दाबून पूर्ण मजकूर लिहा. त्याला 'दर' किंवा 'खाते' असं छोटं नाव द्या आणि सेव्ह करा.
3. उत्तर देताना तिरकी रेघ (/) टाइप करा. यादी दिसेल, हवा तो मजकूर निवडा, एकदा वाचा, मग पाठवा.

साधं व्हॉट्सॲप असेल तर जीबोर्ड कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'डिक्शनरी', मग 'पर्सनल डिक्शनरी' उघडून भाषा निवडा. तिथे गटाचं नाव, पत्ता असे छोटे मजकूर आणि त्यांची खूण भरा. खूण टाइप केली की पूर्ण मजकूर कीबोर्डच्या वर दिसतो. त्यावर बोट ठेवलं की काम झालं.

मात्र ही पथ्यं पाळा:

- खात्याचा तपशील पासबुक समोर धरून भरा. एकीने लिहावं, दुसरीने तपासावं. शिक्काच चुकीचा बनला तर प्रत्येक कागदावर तीच चूक उमटते.
- भाव बदलला की त्याच दिवशी मजकूर बदला. नाहीतर जुन्या भावाने माल द्यावा लागेल.
- पिन, ओटीपी, सभासदांचे आधार क्रमांक यात कधीही ठेवू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

येत्या बैठकीत दरपत्रक, खात्याचा तपशील आणि बैठकीची सूचना असे तीन मजकूर सगळ्यांनी मिळून ठरवा. ते गटाच्या वहीतही उतरवून ठेवा. मोबाइल बिघडला किंवा सचिव बदलली तरी काम अडणार नाही.