‘कॉमन’ फाइल करण्याआधी

विम्याची पत्रं, पावत्या, हप्ता थकल्याच्या नोटिसा छापणाऱ्या एका प्रकल्पावर मी बरीच वर्षं होतो. डेटा एक्सएमएलमध्ये यायचा, प्रत्येक पत्राची एक्सएसएल स्टाइलशीट वेगळी, आणि प्रत्येकीत लेटरहेडचा तोच कोड चिकटवलेला. ऑफिस हललं तेव्हा पावतीवर नवा पत्ता आणि नोटिशीवर जुना असा घोळ झाला. मग कॉमन फाइलची टूम निघाली.

कॉमन फाइल हवीच. पण ती इन्क्लूड करायची की इम्पोर्ट, हे आधी ठरवा. इन्क्लूड केलं की त्या फाइलीतला कोड जणू तिथेच लिहिलाय, दोन्हीकडच्या टेम्प्लेटचा मान सारखा. एकाच नावाचं टेम्प्लेट दोन्हीकडे निघालं तर प्रोसेसर एरर देतो. निदान कळतं तरी. इम्पोर्टमध्ये बोलावणाऱ्या फाइलीचा शब्द वरचढ. एखाद्या पत्राला वेगळं लेटरहेड हवं असेल तर ते त्या पत्रातच लिहायचं, कॉमनला हात लावायचा नाही. म्हणून माझा कल इम्पोर्टकडे.

हेच वरचढपण आमच्या अंगाशी आलं. डीबगिंगच्या वेळी कोणीतरी एका पत्राच्या फाइलीत मॅचमध्ये नुसता स्टार, म्हणजे ‘कुठलाही एलिमेंट’, असं टेम्प्लेट टाकलं आणि ते तसंच राहिलं. त्याची प्रायॉरिटी उणे ०.५, तेव्हा ते शेवटीच लागणार अशी सगळ्यांची समजूत. पण प्रोसेसर आधी इम्पोर्टचा दर्जा बघतो आणि प्रायॉरिटी नंतर. पत्राचा स्वतःचा मजकूर ठीक आला, कारण ती टेम्प्लेटं त्याच फाइलीतली. कॉमनमधलं पत्त्याचं टेम्प्लेट मात्र स्टारपुढे हरलं. इमारत, रस्ता, शहर, पिन कोड सगळं एका ओळीत चिकटून छापलं गेलं, आणि लॉगमध्ये एकही एरर नाही! असं सर्वांना लागू होणारं टेम्प्लेट हवंच असेल तर ते कॉमनमध्ये ठेवा.

कॉमनचं लेटरहेड तसंच ठेवून खाली एक ओळ वाढवायची असेल तर अप्लाय-इम्पोर्ट्स आहे. नावाने बोलावलेल्या टेम्प्लेटला ही सोय नाही, म्हणून सामाईक भाग शक्यतो मॅचवर लिहावेत. एक्सएसएलटी १.० आणि २.० मध्ये इम्पोर्टच्या ओळी सगळ्यांत वर लागतात. पाथ ती ओळ ज्या फाइलीत आहे तिथून मोजला जातो; फोल्डर हलवताना हे हमखास विसरलं जातं.

पत्ता, फोन असा निव्वळ मजकूर तर स्टाइलशीटमध्ये नसावाच. वेगळ्या एक्सएमएलमध्ये ठेवून डॉक्युमेंट फंक्शनने वाचावा, म्हणजे पुढच्या वेळी ऑफिस हललं तरी कोड उघडावा लागत नाही.

आणि कॉमनमध्ये काहीही बदललं की प्रत्येक पत्राचा एकेक नमुना चालवून जुन्या आउटपुटशी ताडून पाहा. तुलनेला पीडीएफ नको, ती ज्यापासून बनते तो एक्सएसएल-एफओ घ्या. पीडीएफमध्ये बनवल्याची वेळ शिरते आणि काही बदललं नसतानाही फरक दिसतो.