द्राक्षमळ्यांतील एक दिवस व मजुराची मजुरी

वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय 20:1-16, योहान 15:1-8, याकोब 5:1-6.

शास्त्रांत द्राक्षमळ्याचा उल्लेख वारंवार येतो. परंतु ज्वारी-बाजरीच्या मुलखांतील आमच्या पुष्कळ वाचकांनीं द्राक्षवेल जवळून पाहिलेला नसतो. म्हणून दक्षिण आफ्रिकेंतील केपच्या मुलखांत आम्हीं उभयतांनीं एका स्नेही जोडप्यासह घालविलेल्या एका दिवसाचा वृत्तांत येथें देतों.

सकाळीं केपटाउन सोडून आम्ही स्टेलेनबॉश येथें आलों. हा गांव 1679 सालीं वसला. केपांत द्राक्षांचा पहिला मद्यरस त्यापूर्वींच, 1659 सालच्या फेब्रुवारींत, निघाला होता. तेथील ऋतु आपल्या उलट. नाशिककडील बागाईतदार एप्रिलांत व आक्टोबरांत अशी दोनदां छाटणी करितात. केपांत जुलै-आगस्टच्या थंडींत एकदांच. तेव्हां छाटणीच चालली होती. मजूर प्रत्येक काडीवर दोन डोळे राखून बाकीची काडी कापून टाकीत. "इतकें कापल्यावर वेल जगेल काय?" असें आम्हीं विचारतांच एक वृद्ध मजूर म्हणाला, "न कापला तर नुसतीं पानेंच येतील."

त्या वेलांचें मूळहि निराळें असतें. 1886 सालीं फायलोक्सेरा नांवाची बारीक कीड केपांत आढळली. ती मुळें शोषी व बागा वाळत. अखेर कीड सोसणाऱ्या अमेरिकी वेलाच्या खुंटावर जुन्या जातींचें कलम करूं लागले. फांदीचें जीवन मुळावर अवलंबून आहे, हा धडा त्या शेतकऱ्यांना मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

घाट ओलांडून आम्ही पनिएल गांवीं गेलों. डच कंपनीच्या काळीं या मळ्यांत गुलाम राबत. केपांत आणलेल्या गुलामांत बंगाल, मलबार व कोरोमांडल येथून नेलेले आपले देशबंधूहि होते. 1834 सालीं गुलामगिरी रद्द झाली, तरी खरी मोकळीक 1838 सालीं मिळाली. आणि 1843 सालीं मुक्त झालेल्यांकरितां येथें मिशनचें ठाणें निघालें. मोकळीक मिळाली तरी एक बेडी राहिलीच. मजुरीचा कांहीं भाग पैशांऐवजीं मद्याच्या पेल्यांनीं देण्याची चाल पुष्कळ मळ्यांत होती. तिला तेथें 'डॉप' म्हणत. पुढें कायद्यानें ती बंद झाली. परंतु पिढ्यान्‌पिढ्या जडलेलें व्यसन कायद्यानें सुटत नाहीं. आईनें गरोदरपणीं घेतलेल्या मद्यामुळें मेंदूस जन्मतःच इजा झालेलीं मुलें या मुलखांत आजहि फार आढळतात.

शेवटीं फ्रान्शहूक. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजानें 1685 सालीं प्रॉटेस्टंटांचें धर्मस्वातंत्र्य काढून घेतलें, तेव्हां देशांतर केलेल्यांपैकीं कांहीं कुटुंबें 1688 सालीं येथें आलीं. त्यांच्या स्मारकांतील स्त्रीमूर्तीच्या एका हातांत शास्त्र व दुसऱ्या हातांत तुटलेली सांखळी आहे. आपली सांखळी तुटल्याबद्दल ज्यांनीं देवाचे उपकार मानिले, त्यांच्यांतीलच कित्येकांनीं पुढें मळ्यांत गुलाम ठेविले! हें पाहून आम्ही मनांत त्यांना दोष देऊं लागलों.

दुपारीं एका मळ्यांत आमच्यापुढें पेले आले होते. आम्हीं ते परत करून साधा द्राक्षरस घेतला होता, व त्याचें थोडें समाधानहि मानिलें होतें. परततांना स्नेह्याच्या पत्नीनें विचारलें, "पेला नाकारलात हें बरें केलेंत, पण त्या मजुरांना मजुरी काय मिळते, हें विचारलेंत काय?" आम्हीं विचारलें नव्हतें. तेव्हां आम्हांस आपलीच एक गोष्ट आठवली. अनेक वर्षांपूर्वीं विहिरीच्या कामावरील मजुरांची मजुरी, हिशेब पुरा व्हावा म्हणून, आम्हीं आठ दिवस अडकवून ठेविली होती. तेवढ्यांत त्यांतील एकानें घरच्या ज्वारीसाठीं सावकाराकडून व्याजानें पैसे काढिले. आमची वही बरोबर जुळली. त्याचें घर मात्र कर्जांत गेलें.

दृष्टांतांतील धनी संध्याकाळ होतांच मजुरी देवावितो. खऱ्या वेलांत राहणाऱ्या फांदीचें फळ केवळ पेला नाकारण्यांत नाहीं. शेजाऱ्याच्या घामाचें मोल वेळेवर व रोख देण्यांतहि तें दिसलें पाहिजे. सुगीच्या दिवसांत मजुरांस शिंदी-दारू पाजून काम उरकून घेण्याची चाल जेथें असेल, तेथें मंडळीच्या पंचांनीं ती आपल्या घरापासून मोडावी.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न : (1) छाटणीनें वेलाचें नुकसान होतें कीं हित? (2) आपली बेडी तुटल्यावर दुसऱ्याच्या पायांत बेडी घालण्याचा मोह कां होतो? (3) आज सूर्यास्तापूर्वीं आपल्याकडून कोणाची मजुरी द्यावयाची राहिली आहे?