गिरमिटाचा कागद

गेल्या महिन्यात रात्रीच्या वर्गातले एक गृहस्थ वर्ग सुटल्यावर मागे थांबले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. म्हणाले, "गुरुजी, पोराला आखाती देशात काम मिळतंय. दलालानं कागद दिलाय. खाली पोराची नि माझी सही मागतोय. आता मला सही येते. करू का?"

मी म्हटले, "करा की. पण आधी कागदात काय आहे ते कळू द्या."

दोघांनी मिळून कागद पाहिला. पगाराची जागा कोरी होती. किती वर्षे राहायचे, ती जागाही कोरी होती. सहीची जागा मात्र ठळक रेघ मारून तयार होती.

तो कागद पाहून मला एक जुना कागद आठवला. आज त्याचीच हकीकत सांगतो. या कागदाचे पुढे काय झाले, ते शेवटी सांगेन.

१. तिकडून ओढ, इकडून रेटा

हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या बाजूला, मॉरिशस नावाचे बेट आहे. आपल्या बहुतेक जिल्ह्यांहून ते लहान आहे. १८१० साली इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून जिंकून घेतले. तिथे उसाचे मोठमोठे मळे होते. मळ्यांत आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेले गुलाम राबत.

१८३३ साली इंग्रज सरकारने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. मॉरिशसमध्ये तो १८३५ साली लागू झाला. गुलामांच्या मालकांना भरपाईची रक्कम मिळाली. ज्यांनी जन्मभर घाम गाळला, त्यांना काहीच मिळाले नाही. वर आणखी काही वर्षे त्याच मालकाकडे राबण्याची सक्ती झाली. ती सक्ती १८३९ साली संपली, तसे बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली.

मग ऊस तोडायचा कोणी? मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. ही झाली तिकडची ओढ.

इकडे आपल्या देशात काय होते? शेतसाऱ्याचा बोजा होता. सावकाराचे कर्ज होते. विलायती कापड आल्याने विणकरांचे माग बसले होते. मधूनमधून दुष्काळ पडे. हातावर पोट असलेल्या माणसाला गावात राहणे अवघड झाले. हा झाला इकडचा रेटा.

मंडळी, ध्यानात ठेवा. माणूस हौसेने गाव सोडत नाही. ओढ आणि रेटा एकत्र आले, की पाय घराबाहेर पडतो.

२. अंगठा

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' नावाचे जहाज मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला लागले. त्यात ३६ हिंदी मजूर होते. त्यांच्याशी पाच वर्षांचा करार झाला होता. मजुरी महिना पाच रुपये, शिवाय शिधा. कराराला इंग्रजीत 'अॅग्रीमेंट' म्हणतात. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचे 'गिरमिट' झाले. गिरमिटावर गेलेला तो गिरमिट्या.

मजूर मिळवून देणारे दलाल गावोगाव फिरत. त्या बेटावर दगड उचलला की खाली सोने सापडते, अशा थापा ते मारत, असे आजही तिथले लोक सांगतात. ज्याला वाचता येत नाही, त्याने कागद कसा पारखावा? त्याने अंगठा उठवला.

मजुरांच्या हालांचा लवकरच बोभाटा झाला. १८३९ साली भरतीवर बंदी आली. पण मळेवाल्यांचे वजन मोठे. त्यांनी सरकारदरबारी खटपट केली. १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून भरती पुन्हा सुरू झाली. पुढे सगळे मिळून सुमारे साडेचार लाख लोक मॉरिशसला उतरले. बहुतेक बिहारकडचे, काही तमिळ, काही तेलुगू. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा अशा मुलखांतली आपली मराठी माणसेही होती.

३. मळ्यावरचे जिणे

गिरमिट्याला विकत घेतलेले नव्हते, हे खरे. पण मुदत संपेपर्यंत त्याला काम सोडून जाता येत नसे. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापत. मुदत संपली तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. परवाना नसला की पोलीस पकडत.

शेवटी मजुरांनी अर्ज केला. मळा सांभाळणारा आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाचा एक गोरा गृहस्थ त्यांच्या मदतीला आला. १८७१ सालच्या त्या अर्जावर नऊ हजारांहून अधिक मजुरांनी सह्या-अंगठे केले. मळेवाले प्लेव्हित्झवर चिडले. त्याला भर रस्त्यात मारहाण झाली. पण १८७२ साली विलायतेहून चौकशी आली आणि पुढे कायदे थोडे सौम्य झाले.

ज्या अंगठ्याने माणूस अडकला, तोच अंगठा हजारो अंगठ्यांबरोबर उठला, तेव्हा सरकारला ऐकावे लागले.

आपल्या देशातही आवाज उठला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले मोठ्या लाटसाहेबांच्या कौन्सिलात होते. १९१२ साली त्यांनी गिरमिटाची पद्धत बंद करा, असा ठराव मांडला. सरकारी मतांनी तो पडला. १९१५ साली गोखले वारले. १९१७ साली हिंदुस्थानातून होणारी गिरमिटाची भरती बंद झाली. ते पाहायला ते राहिले नाहीत.

४. अक्षर आणि मत

गिरमिट्यांपैकी बहुतेक तिथेच राहिले. त्यांनी पै-पै साठवून जमिनी घेतल्या. पण राज्यकारभारात त्यांना विचारतो कोण? ज्याच्यापाशी मालमत्ता, त्यालाच मत. सबंध बेटावर मतदार होते सुमारे बारा हजार.

१९४८ च्या निवडणुकीपूर्वी नियम बदलला. ज्या प्रौढ माणसाला साधे वाचता-लिहिता येते, त्याला मत मिळाले. मग काय झाले? बासदेव बिसुनदयाल यांचे स्वयंसेवक गावोगाव गेले. दिवसभर ऊस तोडलेली माणसे संध्याकाळी बैठकीत जमून अक्षरे गिरवू लागली. मतदार सत्तर हजारांवर गेले!

बाबांनो, तुम्हीही दिवसभर राबून कंदिलाच्या नाही तरी दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरवलीत. ती माणसे तुमच्यासारखीच होती.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. गिरमिट्याचे पुत्र सर शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. पण सगळेच सुखी झाले असे नाही. हिंदी लोकांचे राज्य येईल, या भीतीने इतर समाजांतले कित्येकजण देश सोडून ऑस्ट्रेलियासारख्या देशांत गेले. नवे लोक आले की जुन्यांना भय वाटते. त्या भयावर मते मागणारेही असतात. हे सर्व देशांत घडते.

आज तिथे तीन माणसांत सुमारे दोन हिंदी वंशाची आहेत. मराठी लोकांनी आपले सण टिकवले आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. मजूर उतरत तो धक्का जागतिक वारसा म्हणून २००६ पासून जपला आहे. आणि आता बांगलादेश, नेपाळ, मादागास्करची माणसे कामासाठी मॉरिशसला जातात. एकेकाळी जे परके मजूर होते, त्यांची नातवंडे आज मालक आहेत. ती नव्या मजुरांशी कशी वागतात, यावर त्यांची परीक्षा आहे.

५. त्या कागदाचे काय झाले?

आम्ही दलालाला तीन प्रश्न लिहून पाठवले. पगार किती? मुदत किती? परदेशी माणसे पाठवण्याचा सरकारी परवाना तुमच्याकडे आहे का? असा परवाना लागतो, हे १९८३ च्या कायद्यात आहे. दलाल म्हणाला, "आधी सही, मग आकडे." त्या गृहस्थांनी सही केली नाही. पोरगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचे चुकले असे मी म्हणत नाही. इथे काम नाही, हा रेटा खराच आहे.

त्याने जावे. जरूर जावे. पण भरलेल्या कागदावर सही करून, त्याची एक प्रत घरी ठेवून जावे.

शब्दार्थ
गिरमिट – ठरावीक मुदतीचा मजुरीचा करार.
खाडा – कामावरची गैरहजेरी.
बोभाटा – गाजावाजा.

उत्तरे द्या
१. 'ओढ' आणि 'रेटा' म्हणजे काय? तुमच्या गावचे एक उदाहरण सांगा.
२. १९४८ साली मॉरिशसमध्ये मतदार का वाढले?
३. तुमच्या गावात बाहेरून कोण कामाला येतात? त्यांना मजुरी किती मिळते, ते विचारून चार ओळी लिहा.